वाकळीखालची मुलगी

रमजान सुरू व्हायला दोन दिवस होते. घरात झाडलोट चालली होती. डबे उन्हात ठेवले होते, खजूर आणून ठेवला होता. माझी बारा वर्षांची मुलगी गॅलरीत उभी होती. खालून तिची मैत्रीण सायकलवरून चालली होती. मुलीनं दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शिट्टी मारली, की समोरच्या इमारतीतले दोघे-तिघे बाहेर डोकावले. मैत्रिणीनं वर पाहिलं, हात हलवला. दोघींचं काम झालं.

मी आतून म्हणाले, "हळू गं! मोठी झालीस आता तू."

ती काही बोलली नाही. बोटं कुर्त्याला पुसली आणि आत येऊन पुस्तक उघडून बसली. उलट बोलली असती तर बरं वाटलं असतं.

कारण ते वाक्य माझं नव्हतं. ते मी 1993 साली ऐकलं होतं, आणि इतकी वर्षं सांभाळून ठेवलं होतं. पहिली संधी मिळताच ते मुलीच्या हातात दिलं.

मी कॉलेजात भाषा शिकवते. शिकवणं माझं वाईट नाही, असं विद्यार्थी म्हणतात. पण दर वर्षी जून-जुलैत मागच्या बाकावरून कुणीतरी हात वर करतं आणि म्हणतं, "मॅडम, आवाज!" मी थोडा वाढवते. दहा मिनिटांनी तो पुन्हा खाली येतो. विहिरीत सोडलेली बादली यावी तसा. माझा आवाजच लहान आहे, असं मी सगळ्यांना सांगत आले. आईवडिलांनाही आता तसंच वाटतं.

पण मिरजेतल्या एका गल्लीत अशी काही म्हातारी माणसं अजून आहेत, की ज्यांना हे सांगितलं तर ती हसतील.

तेहतीस वर्षांची फेरी

आधी थोडा हिशोब. हिजरी वर्ष चंद्रावर चालतं आणि साधारण 354 दिवसांचं असतं. आपल्या पंचांगात अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ राखला जातो, म्हणून होळी कधी पावसाळ्यात येत नाही. हिजरी कालगणनेत अधिक महिना नाही. त्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, सगळे ऋतू फिरून येतो, आणि साधारण तेहतीस वर्षांनी पुन्हा त्याच जागी येऊन पोहोचतो.

1993 साली रमजान फेब्रुवारीच्या शेवटी सुरू झाला होता. यंदाही तो फेब्रुवारीतच सुरू झाला. तेव्हाही होळीचा चंद्र हाच रमजानच्या मध्यावरचा चंद्र होता, यंदाही तसंच झालं. पहाटेची तीच बोचरी थंडी, तोच आंब्याचा मोहर, उसाच्या गाड्यांचा तोच शेवटचा हंगाम. मी तेव्हा बारा वर्षांची होते. आता पंचेचाळिशीत आहे. तेव्हापासून रमजानची ही पहिली पूर्ण फेरी. ज्या पहाटे मी एक गोष्ट सोडून आले होते, त्याच पहाटेसमोर त्यानं मला आणून उभं केलं.

गार्डसाब

माझे आजोबा, आम्ही त्यांना दादाजान म्हणायचो, रेल्वेत पॉइंट्समन होते. मिरज जंक्शनवर एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही गाड्या यायच्या. इंजिनांच्या त्या गोंगाटात ओरडून बोलायची सवय लागलेला माणूस. निवृत्त झाल्यावरही आवाज उतरला नव्हता. रमजान आला की हा आवाज ते गल्लीच्या कामाला लावायचे. पहाटे चारच्या सुमारास एका हातात कंदील, दुसऱ्या हातात काठी. बरोबर मी, आणि माझ्या गळ्यात सुतळीनं अडकवलेला डालड्याचा रिकामा डबा. मला ते 'गार्डसाब' म्हणायचे. मी डबा वाजवल्याशिवाय गाडी सुटायची नाही.

सहा वर्षांची असल्यापासून मी त्यांच्याबरोबर जात होते. सुरुवातीला नुसता डबा, मग आवाजही. आमच्या घरांपुढं हाक उर्दूत जायची, की उठा, सहरीची वेळ झाली. कोपऱ्यावर वळलं की तीच हाक मराठीत. कारण त्या घरांनाही आमची गरज होती. नळाला पाणी पहाटे यायचं. एका घरातले काका एसटीत चालक, त्यांची पहिली ड्युटी. एका घरातली ताई मिशन इस्पितळात नर्स. एकदा आम्ही आजारपणामुळे दोन दिवस गेलो नाही, तर कोपऱ्यावरच्या काकी स्वतः दारात आल्या. "अहो, तुमचा रोजा असेल-नसेल, आमचं पाणी गेलं की!"

त्या काकींच्या खिडकीतून रोज एक हात बाहेर यायचा. त्यात मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. तो माझा पगार. सतारी आणि तंबोरे घडवणारे कारागीर आमच्याच वाटेवर राहायचे. त्यांच्या दारात वाळत टाकलेले मोठाले भोपळे कंदिलाच्या उजेडात माणसांच्या डोक्यांसारखे दिसायचे, आणि मी मुद्दाम तिथं जोरात ओरडायचे. भीती घालवायला. तो आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जायचा. दादाजान मागं वळून बघायचे आणि कंदील एकदा वर-खाली करायचे. रेल्वेच्या भाषेत, ठीक आहे, चालू दे.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. लहान मुलांवर रोजा फर्ज नसतो. वयात येईपर्यंत धर्म त्यांच्याकडून तो मागत नाही. मुलं हट्ट करतात म्हणून मोठी माणसं त्यांना दुपारपर्यंतचा 'चिडी रोजा' ठेवू देतात, चिमणीएवढा. म्हणजे पहाटे चारला उठायचं माझ्यावर कसलंही बंधन नव्हतं. शाबासकीसाठी उठत होते असंही नाही, कारण घरी अम्मी रागवायची, शाळेत झोप यायची. मी उठत होते कारण मला उठायचं होतं. त्या वयानंतर इतक्या निखळ कारणासाठी मी किती कामं केली, हे मोजायला बसले तर एका हाताची बोटं पुरतील.

माझी आवडती गोष्ट

मग हे थांबलं कसं? याची एक गोष्ट मी वर्षानुवर्षं सांगत आले. कॉलेजच्या कार्यक्रमात सांगायची एक, आणि घरात सांगायची एक.

कार्यक्रमातली अशी, की 1993 साल होतं. डिसेंबर-जानेवारीच्या दंगलींनंतर देशाची हवा बिघडलेली होती. रमजानच्या मध्यावर, 12 मार्चला, मुंबईत बॉम्बस्फोट झाले. आमच्या गल्लीतही मोठी माणसं दबक्या आवाजात बोलायला लागली. अशा दिवसांत एका मुलीचा आवाज हरवला. ऐकणारे हळहळतात. पण खरं सांगायचं तर दादाजानची फेरी त्या वर्षीही चुकली नाही. स्फोटांच्या दुसऱ्या दिवशी ते थबकले होते, तेव्हा कोपऱ्यावरच्या काकांनीच येऊन सांगितलं, "तुम्ही फिरा. मी उंबऱ्यावर बसतो." आणि ते बसले.

घरातली गोष्ट वेगळी होती. ती अशी, की दादाजाननी मला उठवणं बंद केलं. मी मुलगी होते, मोठी झाले होते, म्हणून ते मला न सांगता एकटेच निघून गेले. हा राग मी बरीच वर्षं मनात ठेवला. ते गेले तेव्हाही तो पूर्ण गेला नव्हता.

यंदा पहिल्या रविवारी मी मिरजेला फुफीकडे गेले. फुफी म्हणजे आत्या. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, जुन्याच घरात राहते. इफ्तारसाठी ती पपई कापत होती. मुलीच्या शिट्टीची गोष्ट तिला सांगता सांगता माझ्या तोंडून जुना राग बाहेर आला. दादाजाननी माझ्याशी असं करायला नको होतं, म्हणाले.

फुफीची सुरी थांबली.

"झूट नक्को बोल," ती म्हणाली. "चार दिन खडे रहे अब्बा दरवाजे में. तू सोने का नाटक करती थी. मेरे बाजू में तो सोती थी तू. वाकळ के अंदर पैरां हिलते थे तेरे."

आणि तिनं पुन्हा पपई कापायला घेतली.

मी वाद घालायला तोंड उघडलं, आणि मला वास आला. रॉकेलचा. वाकळीच्या उसवलेल्या शिवणीतून कंदिलाचा उजेड आत येत होता. मी डोळे घट्ट मिटले होते. दारात दादाजान उभे होते आणि हळूच, त्यांना जमेल तेवढ्या हळूच म्हणत होते, "गार्डसाब. गाडी छूट री है." मी हलत नव्हते. फक्त पाय ऐकत नव्हते.

चार पहाटे ते उभे राहिले. पाचव्या पहाटे त्यांनी हाक मारली नाही. एवढंच खरं होतं. बाकीची गोष्ट मी नंतर रचली.

कुणीही हुकूम दिला नव्हता

मग का झोपून राहिले? तेही हळूहळू आठवलं. वर्गातल्या मुलींनी माझं नाव 'भोंगा' ठेवलं होतं. एक पाहुणी आली होती, तिनं अम्मीला माझ्यासमोरच विचारलं, की हिचा आवाज चौखटीबाहेर किती दिवस जाणार? अम्मी काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे बघितलं. आणि नुकताच माझा पहिला पूर्ण रोजा झाला होता. घरात रोजाकुशाईचं छोटंसं जेवण झालं, गळ्यात हार घातला, आणि येणारी प्रत्येक बाई गालावर हात फिरवून तेच म्हणाली, मोठी झालीस आता.

एवढंच. कुणी रागवलं नाही, कुणी दार बंद केलं नाही. पण बारा वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं. लोक काय म्हणतील हे तिला कळतं, आणि लोकांनी म्हणायच्या आत ती स्वतःच स्वतःला म्हणून टाकते. त्या चार पहाटे मला वाकळीखाली धरून ठेवणारे हात माझेच होते.

इतकी वर्षं मला वाटत होतं की रोजा फर्ज झाला तेव्हाच आवाज खाली करणंही फर्ज झालं. दोन्ही एकाच दिवशी, एकाच हारासोबत आले, म्हणून मी ते एकच समजले. आता वेगळं करून बघते तर धर्मानं त्या दिवशी माझ्याकडून रोजा मागितला होता, नमाज मागितली होती. बाकीची यादी, म्हणजे हळू चाल, हळू हस, हळू बोल, ती माणसांनी हळूच खाली जोडली होती. अशी जोडलेली यादी फक्त आमच्याच घरात होती असंही नाही. माझ्या हिंदू मैत्रिणींनाही त्याच वयात, त्याच शब्दांत ती मिळाली होती. मुलांची यादी वेगळी असते. रडू नको, घाबरू नको, स्वयंपाकघरात काय करतोस.

गंमत म्हणजे हे सगळं मिरजेत घडत होतं. याच गावात 1905 साली हिराबाई बडोदेकर जन्मल्या. बाईनं रंगमंचावर तिकीट लावून गाणं हे जेव्हा कुणाच्या कल्पनेत बसत नव्हतं, तेव्हा ते करणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत त्यांचं नाव घेतलं जातं. त्यांचे वडील उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात आजही गाणं होतं. एका बाईच्या आवाजाचा अभिमान बाळगणाऱ्या गावात मला माझ्या आवाजाची लाज वाटली. अभिमान आपण नेहमी दुसऱ्यांच्या मुलींचा बाळगतो.

सहरीला जागवणारेही जगभर आहेत. इजिप्तमध्ये त्यांना मसहराती म्हणतात, काश्मीरमध्ये सहरख्वान, तुर्कस्तानात ते मोठा ढोल घेऊन फिरतात. उत्तर प्रदेशात आझमगड जिल्ह्यातल्या एका गावात एक यादव कुटुंब दोन पिढ्यांपासून मुस्लिम शेजाऱ्यांना उठवतं. आणि कैरोच्या मादी भागात दलाल अब्देल कादर नावाची एक बाई, भावाच्या निधनानंतर त्याचं हे काम हाती घेऊन, डफ वाजवत, घराघरातल्या मुलांची नावं घेत फिरते. तिच्याबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते पान दोनदा वाचलं आणि कुणाला काही न सांगता मिटून ठेवलं. का, ते आता कळलं.

फुटणं

अरबी-उर्दूत एक शब्द आहे, फित्रत. माणूस ज्या मूळ घडणीसह जन्माला येतो ती. प्रत्येक मूल फित्रतवर जन्मतं, हा विचार आमच्या परंपरेत अगदी पायाचा मानला जातो. हा शब्द ज्या धातूपासून आला, त्याच धातूपासून इफ्तार हा शब्द आला, आणि ईद-उल-फित्रमधला फित्रही. त्या धातूचा मूळ अर्थ फुटणं, उकलणं.

उर्दूच्या वर्गात हे शिकवताना मला नेहमी मराठी आठवते. आपल्याकडेही फुटणं म्हणजे नुसतं मोडणं नव्हे. पालवी फुटते, कोंब फुटतो, पान्हा फुटतो. आणि मूल बोलायला लागलं की आपण म्हणतो, कंठ फुटला. दोन भाषा एकमेकींना न विचारता एकाच ठिकाणी येऊन बसल्या आहेत. बीवर जे कवच असतं ते बीचं शत्रू नसतं, काही काळ त्याची गरजच असते. पण ते वेळेवर फुटलं नाही तर आतलं तसंच राहतं.

म्हणून मला 'बालपणात परत जाऊ या' असलं काही म्हणायचं नाही. परत जाता येत नाही, आणि जायचंही नाही. आता प्रत्येकाच्या उशाशी मोबाइल आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक वाजवू नयेत हा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. कुणाच्या घरी आजारी माणूस असतं, कुणाची परीक्षा असते. मला फक्त त्या मुलीची माफी मागायची होती, जिला मी वाकळीखाली ठेवून आले आणि वर तिच्या आजोबांवर आळ घेतला. आणि तिच्याआधी माझ्या मुलीची.

घरी येऊन मी मुलीला सगळं सांगितलं. शिट्टीबद्दल चुकले, असंही म्हणाले. ती बराच वेळ विचार करत होती. मग तिनं विचारलं, "डबा कुठाय?"

सव्वाचार

डबा अर्थातच नव्हता. पण पुढच्या शनिवारी रात्री आम्ही दोघी फुफीकडे राहिलो. पहाटे सव्वाचारला उठून बाहेर आलो. गल्ली बदलली आहे. कौलं गेली, स्लॅब आले. दारोदार मोटारसायकली. एक उसाचा ट्रॅक्टर लांबून गाणी लावून गेला. पूर्वी बैलांच्या घुंगरांचा आवाज यायचा.

पहिल्या दारापुढं उभी राहिले आणि हाक मारली. हाक कसली, खोकल्यासारखं काहीतरी निघालं. दार उघडलं. आत दिवा होता, ताटं मांडलेली होती. एक तरुण मोबाइल हातात घेऊन बाहेर आला आणि अदबीनं म्हणाला, "आंटी, अलार्म लावलेला आहे. आपको कुछ चाहिये क्या?" मुलगी तोंडावर हात ठेवून हसत होती. मीही हसले. पुढच्या दोन दारांशी आवाज थोडा बरा निघाला. भोपळे वाळत असायचे त्या घराशी मी थांबले. तिथं आता काही नव्हतं, पण सवयीनं भीती वाटली आणि सवयीनंच आवाज थोडा वर गेला.

कोपऱ्यावर काकींची खिडकी अंधारात होती. काका जाऊन बरीच वर्षं झाली. काकी ऐंशीच्या पुढं आहेत, ऐकायला कमी येतं. मी दोनदा हाक मारली. काही नाही. मुलीनं माझ्याकडे पाहिलं.

"मारू?"

"मार," मी म्हणाले.

तिनं दोन बोटं तोंडात घातली. गल्लीतली सगळी कुत्री उठली. खिडकीत दिवा लागला. "कोण गं ते मेलं?" आतून आवाज आला. मी कुणाची नात ते सांगितलं. थोडा वेळ शांतता. मग खिडकी पूर्ण उघडली आणि त्यांनी कंदील असल्यासारखा हात डोळ्यांवर धरून माझ्याकडे नीट पाहिलं.

"नळाला आता पाणी सहाला येतं," काकी म्हणाल्या. "एवढ्यात कशाला उठवलंस?" आणि मग, खिडकी लावता लावता, "उद्या आलीस तर ये. मी जागीच असते."

घरी परतलो तेव्हा फुफी दारात उभी होती, अगदी जिथं दादाजान उभे राहायचे तिथं. मी चपला काढत विचारलं, "ऐकू आलं का गं इथपर्यंत?"

"सीटी सुनाई दी," फुफी म्हणाली. "तेरा नहीं. कल थोडा और जोर से."